चुंबळ आणि मानेचा पट्टा

आयेनं मला आयुष्यात एकदाच मारलं, आणि तेही चुंबळीवरून.

ऐंशी साल नुकतंच उलटलेलं. मी चौथी-पाचवीत असेन. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात आमचं घर. आये मासळीची पाटी डोक्यावर घेऊन शहरात दारोदार विकायला जायची. पाटी डोक्याला टोचू नये म्हणून खाली जुन्या लुगड्याची पिळून केलेली वाटोळी गुंडाळी असते, तीच चुंबळ. एका दुपारी ती धंद्यावरून येऊन मोरीत हातपाय धूत होती. मी तिची ओली चुंबळ डोक्यावर ठेवली, वर घरातली परात चढवली आणि कमरेवर हात ठेवून अंगणात ‘म्हावरा घ्या गो म्हावरा’ असं ओरडत फेऱ्या मारायला लागले. शेजारणी पोट धरून हसत होत्या. मला वाटलं, आयेही हसेल. ती बाहेर आली, परात हिसकावून घेतली आणि एक सणसणीत कानाखाली दिली. शेजारणींचं हसणं जागच्या जागी थांबलं.

त्या दिवसापासून घरात कायदा झाला, की मी डोक्यावर काही ठेवायचं नाही. नळावरून पाणी आणायचं तर कळशी कमरेवर घ्यायची. सरपणाची मोळी भावानं आणायची. एकदा पावसात मी दप्तर डोक्यावर धरलं, तर त्यावरूनही बोलणी खाल्ली. उलट रविवार आला, की आये मला पुढ्यात बसवायची आणि खोबरेल तेल टाळूवर असं जिरवायची, की कपाळावरून ओघळ यायचे. बाकीच्या मुली कशा झटपट वेण्या घालून खेळायला जायच्या आणि मी तेलात माखून बसलेली. आयेला केसांचं वेड आहे, अशी आम्ही सगळ्यांनी समजूत करून घेतली होती. ती स्वतःही फुलांशिवाय घराबाहेर पडत नसे. पाटीवर जातानाही मानेवरच्या अंबाड्याला अबोलीची वेणी असायचीच.

पुढे भावाला घोडबंदर रोडच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आयेनं धंदा सोडला. पाटी माळ्यावर गेली आणि तिचा अंबाडा मानेवरून उठून थेट टाळूवर जाऊन बसला. मागचे केस वर ओढून, त्यांचा गोळा करून, भोवती वेणीचा हा जाड वेढा. “आये, सिनेमात जातेस की काय?” असं मी तिला चिडवायचे. ती हसून म्हणायची, “आता डोक्याव ओझा नाय गो, म्हणून नटते.”

मी शिकले, ठाण्यातल्याच एका कचेरीत लागले. लग्न होऊन डोंबिवलीला गेले. नव्वदीच्या शेवटी शेवटी कचेरीत कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्याबरोबर माझं मानेचं दुखणं आलं. आधी नुसती आखडायची, मग हाताला मुंग्या यायला लागल्या, मग एक दिवस उजवीकडे वळेचना. नवरा हाक मारायचा तेव्हा मी सगळीच्या सगळी वळायचे, कपाट फिरवल्यासारखी. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि ठाकुर्लीच्या एका व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. आये पट्टा बघून चक्रावली. “दिवसभर खुर्चीव बसून मान कशी दुखते गो बाय?” तिचा प्रश्न खरा होता.

उत्तर डॉक्टरीणबाईंकडे होतं. त्या वयानं माझ्याएवढ्याच, पण उत्साह भारी. त्यांचं म्हणणं, आपण जमिनीवर बसायचं सोडलं, पायी चालायचं सोडलं, दळण-कांडण सोडलं आणि वाडवडिलांचं साधं अन्न सोडलं. मग माना आणि कमरा दुखणार नाहीत तर काय होणार? बाकीचे रोगी मान डोलवायचे. मला मान डोलवता येत नव्हती, पण पटलं सगळ्यात जास्त मलाच. माझा स्वभावच तसा आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की घरादाराला वेठीला धरायचं.

पहिला बळी जेवणाच्या टेबलाचा गेला. लग्नात मिळालेलं ते सनमायकाचं टेबल मी नवऱ्याला धरून गॅलरीत ढकललं आणि स्वयंपाकघरात पाट मांडले. मग कोळीवाड्यात जाऊन आयेचा पाटा-वरवंटा मागितला. मला वाटलं, ती गहिवरेल. ती म्हणाली, “ने बाय, ने ती धोंड. मना मिक्सर बरा.” आणि मिक्सरवर तिनं स्वतः शिवलेलं झालरीचं झाकण होतं, ते नीट केलं. रिक्षावाल्यानं धोंड्याचे जास्त पैसे मागितले, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवताना नवऱ्याची कंबर लचकली, आणि वाटण सुरू केल्याबरोबर खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला तडा जाईल, असं त्यांचं म्हणणं. नवरा म्हणाला, “आता एक वल्हं आण आणि होडी पार्किंगमध्ये लाव.”

मी कुणाला बधले नाही. आठवड्यातून दोनदा सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. भाकरी माझ्या हातून कधी गोल झाली नाही, फुगली तर त्याहून नाही, पण मी ती मोठ्या तोऱ्यात वाढायचे. आये आली, की तिला मुद्दाम पाटावर बसवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, “बघा, या वयात कशी मांडी घालून बसते!” आये कसंनुसं हसायची. उठताना भिंतीवर तळहात टेकायची, तो हात मला दिसायचा. मी तो बघितला, पण त्याचा अर्थ काही लावला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना अजूनही कानशिलं गरम होतात.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नवा व्यायाम दिला. वाळूची छोटी पिशवी डोक्यावर ठेवून भिंतीच्या कडेनं सरळ चालायचं. म्हणाल्या, “मान सरळ, हनुवटी आत, नजर समोर. पूर्वीच्या बायका डोक्यावर ओझी घेऊन मैलोन्‌मैल चालायच्या. त्या कोळणी बघा, काय ताठ चालतात! त्यांना कधी पट्टा लागला का?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माझी आई कोळीण आहे. सगळा जन्म तिनं पाटी वाहिली.”

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक निवृत्त मास्तर होते, एक कमरेला पट्टा बांधलेले गृहस्थ होते, आमच्याच इमारतीतल्या दोघीजणी होत्या. डोंबिवलीला मी माझं माहेर कधी लपवलं नव्हतं, पण आपण होऊन सांगितलंही नव्हतं. विचारलं तर सांगायचं, असं माझं धोरण. आणि विचारत कुणीच नसे. आज पहिल्यांदा त्या गोष्टीला भाव आला होता. डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले. “अहो मग आणा ना त्यांना एकदा! चालून दाखवतील. आमच्या बोलण्यापेक्षा ते बघून सगळ्यांना पटेल.” मी ताबडतोब होकार दिला. आयेला विचारायचं असतं, हे माझ्या मनातही आलं नाही.

विचारलं असतं तर ती आली नसती, हे मला आत कुठेतरी ठाऊक असावं. कारण मी तिला सरळ सांगितलंच नाही. कोळीवाड्यात जाऊन माळ्यावरची पाटी उतरवली. “ती कशाला?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “दिवाणखान्यात शोभेला ठेवते.” त्यावर ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. म्हावऱ्याची पाटी शोभेला! शेजारणीला हाक मारून तिनं तो विनोद परत सांगितला. मग मी म्हटलं, “आये, येत्या रविवारी ठाकुर्लीला चल. डॉक्टरीणबाईंना तुला भेटायचंय.” ती लगेच गंभीर झाली. तिला वाटलं, माझ्या दुखण्याविषयी काही सांगायचं असेल.

रविवारी ती नटून आली. ठेवणीतली साडी, गळ्यात पोत, टाळूवर अंबाडा आणि त्याच्याभोवती अबोली नि मोगऱ्याची दुपदरी वेणी. हातातल्या पिशवीत डॉक्टरीणबाईंसाठी नारळ होते. “त्या मासली खात नसतील म्हणून नारल घेतलं,” ती म्हणाली. रिक्षात माझ्या पायाशी कापडात गुंडाळलेली पाटी होती. तिनं एकदा तिकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. आपली मुलगी अर्धवट आहे, हे तिनं तोवर मान्य करून टाकलं होतं.

खोलीत नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली होती. आयेनं नारळ टेबलावर ठेवले, हात जोडले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “डॉक्टरीणबाय, पोरीची मान बरी होईल ना? पट्टा जन्माचा तर नाय ना?” डॉक्टरीणबाई हसल्या. “होईल की. त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं, मावशी. तुम्ही आम्हाला सगळ्यांना चालून दाखवायचं.” आयेला कळेना. तेवढ्यात मी पाटी कापडातून बाहेर काढली. तिच्यासाठी नवी चुंबळही करून आणली होती, घरच्या जुन्या चादरीची. ती मी तिच्यापुढे धरली.

आये चुंबळीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “नको बाय. आज नको.”

“अगं आये, लाजतेस काय? सगळी आपलीच माणसं आहेत.”

“डोका दुखतंय गो.”

डॉक्टरीणबाईंनी आग्रह केला, मास्तरांनी केला. कुणीतरी म्हणालं, “आजी, आम्हाला शिकायचंय तुमच्याकडून.” आये एकेकाकडे बघून हसत होती आणि पदर खांद्यावर सारखा करत होती. घाबरलं माणूस जसं हसतं, तसं ते हसू होतं. मला आज ते स्पष्ट दिसतं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की अंबाडा टाळूवर आहे आणि तो खाली घेतल्याशिवाय चुंबळ बसणार नाही. अडचण काय ती एवढीच! मी चुंबळ काखेत धरून तिच्या मागे गेले, “थांब, मी सोडते,” म्हणाले आणि भराभर वेणीचे आकडे काढले. तिचा हात वर आला, पण तोवर अंबाडा माझ्या हातात सुटून मागे पडला होता.

टाळूवर केस नव्हते. तळहाताएवढी जागा, वर्षानुवर्षं पाय पडून उंबरा झिजतो तशी गुळगुळीत, काळपट, मधे जराशी खोलगट. तिच्या कडेनं केसांची विरळ झालर होती. मागचे लांब केस ओढून ती रोज ते झाकत होती आणि वर फुलं माळत होती. आमच्या इमारतीतली एकजण हळूच “अगंबाई!” म्हणाली.

मी आधी कधी पाहिलं नव्हतं, असं कसं म्हणू? एका खोलीत वाढले मी तिच्याबरोबर. पण ती आम्ही उठायच्या आत वेणीफणी करायची, आणि न्हायली की मोरीतून डोक्याला पंचा गुंडाळून यायची. दिवसभर तर वर चुंबळ, नाहीतर पदर. कधी ओझरतं दिसलं असेल, तरी आपली आई काय काय झाकते, हे बघायला कुठल्या पोराला सवड असते? मासळीचं खारं पाणी पाटीतून झिरपायचं, चुंबळ दिवसभर ओली राहायची, आणि वर ते ओझं. एवढं सगळं मला माहीत होतं. त्यापुढचं मी जोडून पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई बिचाऱ्या गडबडल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाल्या, “होतं असं सततच्या वजनानं. केसांची मुळंच मरतात.” त्या हे आयेला सांगत होत्या की रोग्यांना, ते त्यांनाही ठरवता आलं नसावं. मास्तरांनी जरा पुढे वाकून पाहिलं. माझ्या हातात अबोलीची वेणी लोंबत होती. मला शरमेनं मान खाली घालायची होती, तर गळ्यात पट्टा. समोर बघत उभं राहण्यावाचून माझी सुटका नव्हती.

आयेनं टाळूवर हात नेला नाही. तिनं माझ्या काखेतली चुंबळ ओढून घेतली आणि चट्‌कन डोक्यावर ठेवली. पाठोपाठ पाटी. कुणाच्या मदतीवाचून, एका झटक्यात. आणि ती चालली. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. खांदे सैल, हनुवटी आत, नजर समोर. डॉक्टरीणबाई म्हणायच्या ते सगळं, तंतोतंत. लोकांच्या जिवात जीव आला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. “वा, आजी!” मास्तर म्हणाले. प्रत्येकाला ती चाल दिसत होती. तिनं पाटी एवढ्या घाईनं का घेतली, ते फक्त मला कळलं होतं. ती पाटी तिनं झाकण म्हणून घेतली होती.

टाळ्या संपल्या तरी तिनं पाटी उतरवली नाही. मला म्हणाली, “माजी वेणी दे.” पाटी एका हातानं धरून ती कोपऱ्यातल्या पडद्यामागे गेली. बाहेर आली ती पुन्हा अंबाडा वर बांधून, पण वेणी तिरकी बसली होती. डॉक्टरीणबाईंना तिनं परत हात जोडले. त्या टेबलावरच्या नारळांकडे बघत राहिल्या.

घरी येताना रिक्षात आम्ही दोघी दोन कडांना बसलो. पाटी आमच्या मधे होती. मला आजीपणजीची चाल हवी होती, ताठ मान हवी होती. त्याची किंमत तिनं आधीच भरून टाकली होती, आणि मी तिला चार लोकांत उभं करून ती पावती उघडून दाखवली होती. मला माझी किळस आली. पाट्याची, भाकरीची, त्या सगळ्या तोऱ्याची किळस आली.

घरी पोचल्यावर मी सवयीनं पाट मांडला. आये पाटाकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, “बाय, रागावू नको. मना खुर्ची दे गो. गुडघं लय दुखतान.”

म्हणजे इतके महिने ती माझ्या हौसेखातर जमिनीवर बसत होती. मी नवऱ्याला हाक मारली. तो माझं तोंड बघून काही न विचारता उठला. आम्ही दोघांनी टेबल गॅलरीतून आत ओढलं. त्याच्यावर कबुतरांची घाण झाली होती. मी ते रडत रडत पुसलं आणि आये खुर्चीवर बसून “पूस बरोबर, कोपऱ्यान पूस,” असं सांगत राहिली. जेवायला तिनं चपाती मागितली. माझी भाकरी तिला कधीच आवडली नव्हती, असं नवऱ्यानं नंतर मला सांगितलं. तिनं ते त्याला पूर्वीच सांगून ठेवलं होतं, मला न सांगण्याच्या बोलीवर.

दुपारी ती म्हणाली, “तेलाची बाटली आण.” मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले. तिनं माझा पट्टा सोडला आणि बाजूला ठेवला. मी म्हटलं, “आये, माझं चुकलं.” तिनं तेल हातावर घेतलं आणि लहानपणी करायची तसं टाळूवर थापलं.

“आता परत असलं काही नाही करणार,” मी म्हटलं. “पिशवी पण नको नि पाटी पण नको.”

“पिशवी घे,” ती म्हणाली. “डॉक्टरीण सांगते ता कर, मान बरी कर. चुंबल नको.”

मग तिनं बोटांनी माझ्या टाळूवरचे केस बाजूला केले. भांग पाडल्यासारखे इकडून केले, तिकडून केले, आणि खाली वाकून बघितलं. पोरीच्या डोक्यात उवा बघाव्यात तशी ती मन लावून बघत होती. दर रविवारी ती तेल लावताना हेच बघायची. मला वाटायचं, तिला केसांचं वेड आहे.

“दाट हाय,” ती म्हणाली. तिचा आवाज समाधानाचा होता. तिनं तेलकट तळवा माझ्या टाळूवर ठेवला आणि तसाच राहू दिला. “येवढे वर्सं पाटी वाहिली गो बाय. ती सगली कमाई इथंच हाय.”